जलस्कीची नौका : लघिमा आणि गरिमा

अष्टसिद्धींची जी नामावली लोकांच्या तोंडी आहे, तीत लघिमा आणि गरिमा अशी एक जोडी येते. पहिलीने देह कापसाहून हलका होतो, दुसरीने तो पर्वताप्रमाणे जड होतो. एकाच साधकाला या दोन्ही सिद्धी कशासाठी हव्यात, असा प्रश्न पोथी ऐकताना पुष्कळांच्या मनात येऊन गेला असेल. पायांना फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जाणाऱ्या माणसाला ओढून नेणारी जी वेगवान नौका अमेरिकेत गेल्या शंभर वर्षांत घडत आली, तिच्या कारागिरांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. नौका हलकी हवी हे तर उघडच होते. परंतु ती काही बाबतीत जडही हवी, हे त्यांना बऱ्याच अनुभवानंतर उमगले.

जलस्की या नावाने ओळखला जाणारा हा खेळ दिसावयास सोपा आहे. पुढे नौका धावते, तिला एक दोरी बांधलेली असते, दोरीच्या शेवटी आडवी मूठ असते आणि ती धरून स्वार मागे उभा असतो. नौका पुरेशा वेगाने धावू लागली की स्वाराच्या फळ्या पाण्यात न बुडता पाण्यावरच राहतात. पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच स्वाराकडे लागते. नौकेकडे कोणी पाहत नाही. वास्तविक स्वाराचे कौशल्य कितीही मोठे असले तरी त्याच्या पायाखालचे पाणी कसे असावे हे नौकाच ठरविते.

या खेळाचा आरंभ मिनेसोटा राज्यातील लेक सिटी या गावी, मिसिसिपी नदीच्या पेपिन नावाच्या रुंद सरोवरावर झाला. राल्फ सॅम्युएलसन हा तेथील अठरा वर्षांचा तरुण. बर्फावरून फळ्यांवर घसरता येते, तर पाण्यावरून का येऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले. प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की वापरल्या. दोन्ही वेळा तो पाण्याखाली गेला. तेव्हा त्याने पाइन लाकडाच्या आठ-आठ फूट लांबीच्या दोन फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात पाणी उकळून त्यांची टोके मऊ केली आणि वर वाकविली. पाऊल अडकविण्यास चामड्याचा पट्टा, ओढण्यास खिडकीच्या तावदानाची शंभर फूट दोरी आणि धरण्यास लोखंडी कडी, असा सगळा घरगुती सरंजाम होता. त्याचा भाऊ बेन नौका हाकीत असे. तीत सॅक्सन मालमोटारीचे एंजिन बदल करून बसविलेले होते. २ जुलै १९२२ रोजी, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, राल्फ फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून व अंग मागे टाकून उभा राहिला, आणि या वेळी तो बुडाला नाही. पुढे १९२५ मध्ये त्याने एका कर्टिस उडत्या नौकेच्या, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या, मागे ताशी ८० मैलांच्या वेगाने जाऊन दाखविले. आपल्या युक्तीचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. ते त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या फ्रेड वॉलरने घेतले, आणि सॅम्युएलसनचा अग्रहक्क त्याच्या देशाने १९६६ साली मान्य केला. शोधकाच्या नशिबी असे पुष्कळदा येते.

त्या पहिल्या नौकेकडे परत वळू. ती धीम्या गतीची होती, म्हणूनच तर राल्फला एवढ्या लांबरुंद फळ्या लागल्या. वेग कमी असला की पाण्याचा आधार कमी मिळतो, आणि त्याची भरपाई फळ्यांच्या क्षेत्रफळाने करावी लागते. फळी आखूड व अरुंद व्हावी, तीवर स्वाराला चपळाईने वळता यावे, असे वाटत असेल तर नौकेने वेगाने धावले पाहिजे. वेगाने धावण्यास तिने पाण्यातून वर निघाले पाहिजे, आणि वर निघण्यास ती हलकी असली पाहिजे. लघिमेची गरज ती अशी.

नौका वर निघते म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. उभी असलेली नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते आणि तेवढ्यावर तरंगते. हा आर्किमिडीजचा नियम शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. ती हळूहळू चालू लागली म्हणजे पुढे एक लाट आणि मागे एक लाट उठवीत जाते. वेग वाढवावा तसतशा या लाटा लांबतात, नौकेचे तोंड वर होते, बूड खाली बसते, आणि आपण स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ चढत आहोत अशी तिची अवस्था होते. या टप्प्यावर एंजिन गुरगुरते, पेट्रोल जळते आणि वेग मात्र वाढत नाही. पुरेशी शक्ती असेल तर ती हा चढ ओलांडते, तोंड पुन्हा खाली येते आणि नौका पाण्यात न राहता पाण्यावर घसरू लागते. तळ्यात चपटा खडा तिरपा फेकला असता तो टप्पे घेत जातो, त्यातील तत्त्व हेच. खड्याचा वेग आहे तोवर पाणी त्याला घेत नाही.

घसरणाऱ्या नौकेचे वजन आता पाण्याच्या आघाताने पेलले जाते. तळाने पाणी सतत खाली दाबावयाचे आणि त्या दाबण्याची प्रतिक्रिया म्हणून वर उचलले जावयाचे, हा न्यूटनचा हिशेब आहे, आणि त्यात कोणाला सूट मिळत नाही. नौका जेवढी जड तेवढे पाणी अधिक जोराने खाली दाबावे लागते. दाबलेल्या पाण्याची घळ नौका पुढे जाताच मिटते आणि मिटताना दोन्ही बाजूंस उसळते. नौकेमागे जे दोन पांढरे कंगोरे पसरत गेलेले दिसतात ते हेच. काठावरून ते शोभिवंत वाटतात. स्वाराला मात्र ते रस्त्यावर आडवे घातलेल्या बांधासारखे ओलांडावे लागतात, तेही अशा वेगाने की गुडघ्याला, घोट्याला किंवा मानेला बसलेला हिसका वर्षभर आठवण देईल.

हा वेग किती, ते सांगितल्याशिवाय नौकेच्या कारागिराची अडचण कळणार नाही. या खेळातील सर्वात कठीण प्रकार स्लॅलम होय. त्यासाठी पाण्यावर २५९ मीटर लांबीचा मार्ग आखलेला असतो. नौका मध्यरेषेवरून सरळ जाते, मध्यरेषेपासून ११.५ मीटर अंतरावर आलटून पालटून दोन्ही बाजूंस सहा तरंगते चेंडू असतात आणि स्वाराने एकाच फळीवर उभे राहून त्या प्रत्येकाला बाहेरून वळसा घालावयाचा असतो. वरच्या दर्जाच्या पुरुषांसाठी नौकेचा वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५ किलोमीटर ठरलेला आहे. म्हणजे पहिल्या फेरीचा सगळा खेळ १६ सेकंदांत आटोपतो. एक फेरी पार पडली की दोरी तोडावी तशी कमी करीत जातात : १८.२५ मीटर, मग १६, मग १४.२५, असे करीत ९.७५ मीटर आणि त्याखालीही. येथे ऐकणाऱ्याने क्षणभर थांबावे. चेंडू साडेअकरा मीटरवर आणि दोरी पावणेदहा मीटरची! उरलेले अंतर स्वाराने आपले शरीर जवळजवळ पाण्याला टेकवून आणि हात लांबवून भरून काढावयाचे असते.

एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस झेप घेताना हा स्वार नौकेपेक्षा पुष्कळच अधिक वेगाने जातो, आणि दोरीवर त्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक ओढ येते. ही ओढ सरळ मागे नसते, तिरपी असते. आणि दर दोन-अडीच सेकंदांनी तिची बाजू बदलते. इकडे चालकाने नौका ज्या दोन खुणांच्या चेंडूंमधून न्यावयाची, त्यांतील अंतर अवघे २.३ मीटर. तितकी रुंदी नौकेलाच जवळजवळ लागते. नौका कागदाच्या होडीसारखी हलकी असती तर पहिल्याच झटक्याला ती स्वाराच्या बाजूला सरकली असती; मग मार्ग चुकला, दोरीचा ताण सैल झाला, आणि पुढच्याच क्षणी ती पुन्हा ताणली जाताना स्वाराच्या खांद्याला हिसका बसला. खांदा निखळण्याची भीती या खेळात काल्पनिक नाही. म्हणून गरिमा हवी.

वजन कमी तर हवे आणि नौकेने जडासारखे वागावे अशीही अपेक्षा, या पेचातून कारागिरांनी जी वाट काढली तीत या नौकेचे सगळे रहस्य आहे. त्यांनी असे ठरविले की वजन किती याच्या बरोबरीने ते कोठे, हा प्रश्न विचारावयाचा. घराच्या दाराला बिजागरीजवळ कितीही रेटले तरी ते हलत नाही. कडीजवळ मात्र मुलाच्या बोटानेही फिरते. दोरी नौकेच्या पिछाडीला बांधली म्हणजे ती कडीजवळ बांधल्यासारखे होते; स्वार बाजूला गेला की नौकेची शेपटी त्याच्याबरोबर जाते आणि सुकाणू चालकाच्या हातात असून नौका स्वारच हाकू लागतो. तेव्हा दोरीचा खांब नौकेच्या ऐन मध्यावर, गुरुत्वमध्याच्या अगदी निकट उभा करण्यात आला. नौकेतील सर्वात जड वस्तू म्हणजे एंजिन. तेही पिछाडीवरून काढून खांबाच्या लगत मध्यावर बसविले. बसणारी माणसे त्याच्या आसपास. शिवाय तळाच्या मध्यरेषेवर धातूची लहान पाती लावली. नौका आडवी सरकू लागली की ती पाती पाण्यात अडतात, सरळ जाताना मात्र त्यांचा अडथळा नाममात्र असतो. काही किलोग्रॅमच्या पात्यांनी अनेक मण ओझ्याचे काम केले. लघिमा आणि गरिमा एकाच देहात नांदू शकतात, त्या अशा.

तळाचा आकारही याच विचाराने ठरला. समुद्रावर धावणाऱ्या नौकांचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल असतो, कारण त्यांना लाटा कापावयाच्या असतात. स्कीच्या नौकेला शांत तळ्यात राहावयाचे असते, म्हणून तिचा तळ पिछाडीकडे जवळजवळ सपाट ठेवतात. सपाट तळ कमी वेगात वर निघतो आणि पाणी खोल खणण्याऐवजी पसरून दाबतो. अशी नौका खवळलेल्या पाण्यावर नेणे हे मात्र माणसांच्या हाडांवर अन्याय करण्यासारखे आहे.

आता द्रव्यांकडे वळावयाचे. आरंभीच्या नौका लाकडी, बहुधा महोगनीच्या फळ्या सांगाड्यावर ठोकून केलेल्या असत. त्यांचे सौंदर्य अजून कोणी नाकारीत नाही. पण लाकूड पाणी पिते. फळ्यांमधील सांधे घट्ट राहावेत यासाठी ते थोडे प्यावेच लागते, आणि मग वजन वाढते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाण्यात न सुटणारी सरस वापरून केलेले प्लायवुड आले. त्याचे मोठे तावच्या ताव वाकवून बसविता येऊ लागल्याने सांधे कमी झाले आणि नौका हलक्या झाल्या. तरीही खरा पालट घडविला तो काचेने.

काचेपासून नौका, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिकच वाटावी. परंतु काच ठिसूळ असते ती तिच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म तड्यांमुळे. तिचे केसाहून बारीक तंतू काढले म्हणजे त्यांत असे तडे फारसे राहत नाहीत, आणि तंतू ओढीला विलक्षण चिवट ठरतात. हे तंतू चिकट राळेत बुडवून साच्यावर थरावर थर द्यावयाचे आणि राळ कडक होऊ द्यावयाची. आपल्याकडे भिंतीच्या मातीत भुसा कालवितात त्यातील हेतू हाच : मातीने आकार द्यावा, भुशाने तडा धरून ठेवावा. ओहायो राज्यातील टोलेडो येथे रे ग्रीन याने १९४२ साली या पद्धतीने एक शिडाची नौका केली. स्कीच्या नौकांत ही पद्धत रुजली ती १९६० नंतर. फ्लॉरिडात स्की शिकविणाऱ्या लिओ बेंझ याने आपल्या धंद्याच्या गरजेतून एक नौका आखली होती. तिचा साचा १९६१ साली करेक्ट क्राफ्ट या कंपनीने घेतला आणि स्की नॉटिक नावाने ती नौका बाजारात आणली. पुढे १९६८ मध्ये टेनेसीतील मेरीव्हिल गावी रॉब शर्ली या दुसऱ्या स्कीपटूने, उपलब्ध नौकांवर समाधान न होऊन, घोड्याच्या तबेल्यात स्वतःची नौका बांधली. त्यातून मास्टरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. दोघेही जण मूळचे खेळाडू, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाण्याचा कंगोरा ज्याच्या गुडघ्याला लागलेला असतो, त्यालाच त्याची उंची बरोबर मोजता येते.

काच आणि राळ यांच्या थराचा एक मोठा दोष असा की तो तुटत नाही, पण लवतो. ताठपणात साधा हाताने लावलेला थर ॲल्युमिनियमच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच भरतो. तळ लवला की पाण्यावर त्याचा आकार बदलतो, आणि आकार बदलला की आखणाऱ्याचे सगळे गणित फसते. यावर पहिला उपाय योजला तो तळाच्या आत उभे वासे घालण्याचा. हे वासे लाकडी असत, त्यांवर काचेचा थर चढविलेला असे, आणि एंजिन यांवरच बोल्टांनी जखडलेले असे. कित्येक वर्षे सारे ठीक चाले. मग एखाद्या बोल्टाच्या भोकातून पाणी आत जाई. वरून गुळगुळीत, चकचकीत काच. आतील लाकूड मात्र हळूहळू कुजत असे. त्याला बाहेर पडावयास वाट नाही, वाळावयास वारा नाही. मालकाला कळे ते एंजिन थरथरू लागल्यावर, किंवा बोल्ट कितीही आवळला तरी फिरतच राहू लागल्यावर. अमेरिकेत १९७० च्या दशकात वीस फुटांहून लहान नौका पाण्याने भरली तरी तळास जाऊ नये असा नियम झाला, आणि त्यासाठी जमिनीखालच्या पोकळीत फसफसणारा प्लास्टिकचा फेस ओतू लागले. जीव वाचविणारा हा नियम योग्यच होता; पण हाच फेस वर्षानुवर्षे ओलाव्यात राहून पाणी धरू लागला आणि शेजारच्या वाशांना ओले ठेवू लागला. अशा नौकेचे वजन कागदोपत्री असते त्याहून कितीतरी अधिक भरते. जुनी नौका विकत घेणारा जाणता मनुष्य म्हणून रंगाकडे पाहत नाही. तो एक लहान हातोडी घेऊन तळ आणि वासे ठोकीत जातो. बाजारात नारळ वाजवून घेणाऱ्यास यातील मर्म सांगावयास नको. खणखणीत आवाज आला तर बरे, बद्द आला तर खिसा सांभाळावा. १९९० च्या सुमारास नावाजलेल्या कारखान्यांनी लाकूड अजिबात वर्ज्य केले आणि वासेही काचतंतूंचेच केले, ते या अनुभवानंतर.

दुसरा उपाय अधिक बुद्धिमान आहे. कोणत्याही फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. पण सगळीच जाडी काचेची केली तर वजनही दुप्पट होणार. तेव्हा वर एक पातळ थर, खाली एक पातळ थर आणि मध्ये अत्यंत हलके असे काहीतरी, अशी रचना करतात. लग्नातील बाशिंगे ज्या भेंडाची करतात ते हातात घेतले तर काही धरले आहे असे वाटतच नाही. एक्वाडोर देशातील बाल्सा नावाचे लाकूड त्याच्याच जातकुळीचे नसले तरी गुणाने तसेच आहे. पाण्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतकेच त्याचे वजन. त्याच्या आडव्या चकत्या कापून दोन थरांमध्ये बसवितात. अलीकडे बाल्साऐवजी कठीण प्लास्टिकचा फेस वापरतात, कारण तो कुजत नाही. या रचनेत एकच सांभाळावे लागते : वरचा थर आणि मधला गाभा यांची चिकटण सुटता कामा नये. ती सुटली म्हणजे दोन कागद वेगळे झालेल्या पुठ्ठ्यासारखी तिची गत होते.

राळ हीही वजनाची चोर आहे. हाताने थर देताना राळ अधिकच पडते. अशा साध्या थरात वजनाने तीस टक्के काच आणि बाकी राळच असते. आता साच्यावर कोरडे कापड अंथरून, वरून प्लास्टिकचा पडदा घालून, आतील हवा पंपाने शोषून घेतात आणि त्या निर्वाताच्या ओढीने राळ आत शिरू देतात. मग काचेचे प्रमाण साठ टक्क्यांच्या पलीकडे जाते. तंतूही आता काचेचेच राहिलेले नाहीत. ड्यूपाँट कंपनीच्या स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये शोधलेला केव्हलार हा तंतू आघात सोसण्यात अद्वितीय आहे. पण दाबला असता तो काचेइतकाही टिकाव धरीत नाही. कार्बनचे तंतू सर्वांत ताठ, तसेच सर्वांत महाग, आणि ॲल्युमिनियमला चिकटून ओले राहिले तर त्याला गंज चढविणारे. सगळी नौका कार्बनची करणे हे श्रीमंतीचे प्रदर्शन होईल. खांबाच्या बुडाशी, एंजिनच्या बैठकीशी आणि तळाच्या ज्या भागावर पाणी आदळते तेथे त्याचे पट्टे घालणे हे शहाणपण होय. इतके करूनही स्पर्धेची नौका आज सुमारे दीड टन भरते, आणि त्याचे कारण मुख्यतः तिच्या पोटात बसले आहे.

ते कारण म्हणजे एंजिन. सॅक्सन मालमोटारीपासून पडलेला पायंडा अजून मोडलेला नाही : स्कीच्या नौकेत एंजिन येते ते मोटारीच्या कारखान्यातून, बहुधा आठ नळकांड्यांचे. साडेपाच-सहा लिटरचे ओतीव लोखंडी एंजिन गिअरपेटीसह सुमारे ४०० किलोग्रॅम भरते. ठोकळा ॲल्युमिनियमचा केला तर त्यातून चाळीसएक किलोग्रॅम वाचतात. एवढे मोठे एंजिन कशाला, असे कोणी विचारील. मोटारीला सपाट रस्त्यावर आपल्या शक्तीचा लहानसा अंशच पुरतो. नौका मात्र जन्मभर घाट चढत असते, तिला उतार म्हणून नाहीच. त्यात मागचा स्वार. त्याच्या ओढीपैकी शंभर किलोग्रॅमचा वाटा जरी सरळ मागे पडला, तरी ताशी ५८ किलोमीटर वेगात तेवढ्यापुरतीच २१ अश्वशक्ती लागते. पंख्यात वाया जाणारा भाग धरला तर एंजिनला तीसहून अधिक द्यावी लागते, आणि तीही ऐनवेळी, अर्ध्या सेकंदात. ही शक्ती पुरविताना वेग जराही डळमळता कामा नये. पूर्वी हे सगळे चालकाच्या हातावर आणि त्याच्या कानावर अवलंबून असे; १९९० च्या दशकापासून वेग राखणारी यंत्रे आली आणि पुढे उपग्रहांच्या खुणांवरून वेग मोजून ती एंजिनला आपोआप आवरू-सोडू लागली.

मोटारीचे एंजिन नौकेत जसेच्या तसे बसविणे हा मात्र मृत्यूशी खेळ आहे, आणि घरी कारागिरी करणाऱ्या उत्साही लोकांनी हा भाग पुन्हा वाचावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. मोटारीखालून ती रस्त्यावर उडून जाते; नौकेच्या पोटात ती वाटीतल्या पाण्यासारखी तळाशी साचून राहते. मोटारीच्या साध्या स्टार्टरमधून उडणारी एक ठिणगी तिला पुरते. यासाठी नौकेचे स्टार्टर व विद्युज्जनक ठिणगी बाहेर न जाऊ देणारे असे वेगळे बनवितात, कार्बुरेटरच्या तोंडाला ज्वाला अडविणारी जाळी लावतात, आणि एंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने तळाची हवा चार मिनिटे बाहेर टाकावी असा दंडक आहे. चार मिनिटे हा फार लहान काळ आहे. पण सुटीच्या दिवशी पाण्यावर जाण्यास आतुर झालेल्यास तो फार मोठा वाटतो. धुराच्या नळ्यांभोवती पाणी खेळवून त्या थंड ठेवाव्या लागतात, हीदेखील अशीच एक अपरिहार्य गोष्ट. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. चालू नौकेच्या पिछाडीच्या पायरीवर मुलांना बसू देणे म्हणूनच घातक ठरले आहे. आणि स्वाराला वर घेताना पंखा नुसता सुटा करून भागत नाही, एंजिनच बंद करावे लागते.

एंजिन दुसऱ्या रीतीने बसविण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. पिछाडीला टांगलेले एंजिन हलके आणि स्वस्त असते, पण सारे वजन शेपटीला जाते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास उथळ नद्यांसाठी पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी नौका यशस्वी केली. तीत उघडा पंखा नसल्याने ती पाण्यातील माणसास निर्धोक, परंतु स्कीच्या वेगात झोत पंख्याइतका काटकसरी नाही आणि नौका सरळ राखणे अवघड जाते. मध्यावरचे एंजिन आणि तळाखालचा पंखा यांनाच स्लॅलमने शेवटी वरले.

आता विजेची वेळ आली आहे. विजेच्या मोटारीचे गुण स्कीसाठी जणू मुद्दाम घडविल्यासारखे आहेत : ती पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते, धूर सोडीत नाही, पेट्रोलची वाफ नाही, आणि चालकाला मागच्या स्वाराची हाक ऐकू येते. अडचण जुनीच, वजनाची. एक किलोग्रॅम पेट्रोलमध्ये सुमारे १२ किलोवॉट-तास ऊर्जा असते. एंजिन तिच्यातील तीन चतुर्थांश उष्णतेत घालविते असे मानले तरी तीन उरतात. लिथियमच्या बॅटरीसंचात किलोग्रॅमला पावही भरत नाही. पेट्रोल जळून नौका दिवसभर हलकी होत जाते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. कारागिरांना येथे पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागला, हे वजन ठेवावयाचे कोठे. आणि उत्तरही तेच आले : खाली, जमिनीच्या पातळीत, मध्यावर.

नॉटिकची बाजारात आलेली पहिली विजेची नौका १२४ किलोवॉट-तासांची बॅटरी घेऊन आली. ती स्लॅलमसाठी नाही. जलस्कीचाच एक धाकटा भाऊ निघाला आहे, त्यात स्वार एका रुंद फळीवर आडवा उभा राहतो आणि त्याला मोठी लाट हवी असते. त्यासाठी त्या नौकांत मुद्दाम टाक्या बसवून शेकडो किलोग्रॅम पाणी भरतात आणि नौका खाली बसवितात. अशा नौकेत बॅटरीचे ओझे कोणालाही खुपत नाही. सोळा सेकंदांत सहा चेंडूंना वळसा घालणाऱ्या स्वारासाठी मात्र हाच संच त्याच्या गुडघ्याला कळणार नाही इतका हलका व्हावयाचा आहे, आणि त्याचे कारखाने आज त्याच किलोग्रॅमांच्या मागे लागले आहेत.